उजवी पाकळी

मार्च लागला की आमच्या दुकानाच्या काउंटरवर हॉल तिकिटं यायला लागतात. मालवणच्या बाजारात बाबांचं छपाईचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मुलं येतात ती बहुतेक आईबरोबर. तिकीट प्लास्टिकच्या पिशवीतून इतकं जपून निघतं की मलाही ते दोन्ही हातांनी घ्यावं लागतं. आई सांगते, चार काढ. एक दप्तरात, एक कपाटात, एक शेजारच्या काकींकडे, आणि एक देवीच्या पायाशी ठेवायला. मूल तेवढा वेळ रस्त्याकडे बघत उभं असतं. मशीनच्या काचेवर मी तिकीट पालथं घालते तेव्हा फोटो दिसतो. कधीतरी पावसाळ्यानंतर काढलेला, केस चापून बसवलेला, गालांवर थोडं मांस असलेला. मग मी मान वर करून समोरचा चेहरा बघते. दोन्हींत चारपाच महिन्यांचं अंतर असतं, आणि ते अंतर त्या आईला दिसत नाही याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

रस्त्याच्या कडेला बायका ओले काजूगर घेऊन बसलेल्या असतात. सकाळी वारा अगदी पडलेला असतो, तेव्हा काजूच्या बोंडांचा आंबूस वास दुकानाच्या आतपर्यंत येऊन थांबतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि काउंटरवरचे कागद उडवतो. मुलं कागदांच्या मागे धावतात, आया ओरडतात. एखादं मूल अशा वेळी हसतं. मार्च महिन्यात आमच्या दुकानात हसलेलं मूल मी मोजून दोन-तीनदा पाहिलं असेल.

मी या कागदांमध्येच वाढले. वाचायला शिकले ती पत्रकांवरून. मच्छीमारांच्या मोर्चाचं पत्रक, बंद केलेल्या एसटीच्या फेरीचं, दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांनी काढलेलं. बिघडलेल्या प्रती बाबा घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी आणि माझी धाकटी बहीण तेजू गृहपाठ करत असू. तिचे पाढे आणि मागे 'बंधूंनो, आता गप्प बसू नका'. त्यामुळे असेल, माझी अशी समजूत होऊन बसली की एखादी गोष्ट खरी असली, ती नीट लिहिली, छापली आणि माणसाच्या हातात दिली, की माणूस बदलतो. गेल्या मार्चनंतर माझी ही समजूत राहिलेली नाही.

त्याच मशीनवर क्लासची हँडबिलं छापली जातात, हेही सांगायला हवं. आणि जून आला की अभिनंदनाचे बॅनर. मुलांचे फोटो, खाली गुण, त्याखाली 'गावाची शान'. बाबा ते बॅनर फार मन लावून करतात. फोटोतल्या मुलाच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर ते कॉम्प्युटरवर सरळ करून देतात. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नसतं. माझ्या वेळी आमच्या घरचा बॅनर लागला नाही. मी जेमतेम पास झाले होते आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. बाबांना वाटलं असणार. तेजूला दहावीला चांगले गुण पडले तेव्हा त्यांनी बॅनर स्वतः बांधला, आमच्या गावच्या तिठ्यावर, शिडीवर चढून.

गाव खाडीला लागून आहे, आचऱ्याच्या वाटेवर. बॅनर लागला त्या आठवड्यात घरी येणारा प्रत्येक माणूस तेजूला एकच विचारत होता, आता पुढे काय. ती प्रत्येकाला एकच उत्तर देत होती.

"माका अजून कळाक नाय."

पंधरा वर्षांच्या मुलीनं द्यावं असं याहून खरं उत्तर मला माहीत नाही. तिला चित्रं काढायची नव्हती, नाचायचं नव्हतं, कुठलं दडपलेलं स्वप्न नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, आम्हाला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. तिला फक्त कळलेलं नव्हतं. तिला दुकानात बसायला आवडायचं, लग्नपत्रिकांचे नमुने लावायला आवडायचं, खाडीवर बसून ओहोटीत काय काय उघडं पडतं ते बघायला आवडायचं. आणखी दोनेक वर्षांत कळलं असतं. पण आपल्याकडे न कळलेलं मूल कुणाला सहन होत नाही. उकिरड्यावर टाकलेल्या मांजराच्या पिल्लासारखं जो तो त्याला उचलून कुठेतरी ठेवायला बघतो.

आई म्हणाली, देवीला विचारूया.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं म्हणून सांगते. गावच्या देवळात सातेरीची काळ्या दगडाची मूर्ती आहे. गुरव चाफ्याच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतो, काही उजव्या बाजूला, काही डाव्या. मग प्रश्न सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. जमिनीचा वाद, विहिरीची जागा, मुलीचं स्थळ, घरातलं आजारपण, सगळं तिथे जातं. देवीनं उत्तर दिलं की त्यावर पुन्हा चर्चा नसते. माणसं हलकी होऊन घरी येतात.

मी त्या दिवशी घरात पुष्कळ बोलले. दगडाला विचारून मुलीचं आयुष्य ठरवता, तुम्हाला लाज नाही वाटत, इथपर्यंत बोलले. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की मग तूच सांग, काय करायचं. मी म्हटलं, सायन्स, आणखी काय, एवढे गुण पडलेत तर. ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. माझं भांडण कोणाला विचारायचं यावर होतं. उत्तर माझ्या खिशातही तेच होतं. तेजू तेव्हा दारात बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. तिच्याकडे आम्हा तिघांपैकी कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी देवळात गेलो. तातू गुरव आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचे, सत्तरी ओलांडलेले, पंचा गुडघ्याच्या वर खोचलेला. त्यांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवी सातेरी, आज ह्या तुझ्या लेकराच्या शिक्षणाचो जो काय प्रश्न आसा तो तू सोडय. सायन्स तिका लाभाचा आसात तर उजवो कौल दी. देवळात आलेली आणखी सातआठ माणसं होती. त्यांनी रिवाजाप्रमाणे एका सुरात म्हटलं, व्हय म्हाराजा.

उजवी पाकळी पडली.

बाहेर आल्यावर बाबांनी तेजूच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा इतका सुटलेला मी क्वचितच पाहिला असेल. ते म्हणाले, "आता तुका भिऊचा काय कारण नाय गो. तू नुसतो अभ्यास कर. पुढचा देवी सांभाळतली."

त्यांनी हे प्रेमानं म्हटलं होतं. मुलीच्या डोक्यावरचा भार काढून देवीच्या खांद्यावर दिला अशीच त्यांची समजूत होती. तेजूला काय मिळालं ते आम्हाला फार उशिरा कळलं. आधी तिला नापास व्हायचं झालं असतं तर ती फक्त नापास झाली असती. आता ती नापास झाली तर देवी खोटी पडणार होती.

त्यानंतरची दोन वर्षं आठवायला गेलं की मला सगळ्यांचं चांगलं वागणंच आठवतं. घरात कुणी तिच्यावर आवाज चढवला नाही. आईनं तिला शेणगोठ्यात कधी हात घालू दिला नाही. पहाटे आई स्तोत्र म्हणत तिच्या खोलीच्या दाराशी बसायची, म्हणजे तेजूला आतून ते ऐकू यावं आणि एकटं वाटू नये. कंपासपेटीत तुळशीचं पान, उशीखाली अंगारा, गुरुवारी उपास. बाबा रोज संध्याकाळी दुकानातून तिच्यासाठी कोरे कागद आणायचे. गल्लीतल्या बायकांनी तिला अकरावीतच डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या काकी कुंपणावरून गुडघा दाखवून विचारायच्या, डॉक्टरीणबाय, ह्या दुखण्याक काय ता बघ गो, आत्तापासून फुकटात करून घेतंय, मगे तू काय आमका दारात उभी करूची नाय. सगळे हसायचे. तेजूही हसायची. हळूहळू ती कुंपणाच्या बाजूनं जाईनाशी झाली.

देवळातही जाईनाशी झाली. मला त्याचं जास्त वाईट वाटतं, आणि मी देव न मानणारी असून वाटतं. लहानपणी तेजूला ते देऊळ फार आवडायचं. मे महिन्यात दुपारी ती तिथल्या थंड फरशीवर जाऊन झोपायची, गाल फरशीला लावून. तातू गुरव तिला ओलांडून आतबाहेर करायचे, उठवायचे नाहीत. तिथे तिला कुणी काही विचारत नसे आणि ती काही मागत नसे. मुलाला देवाधर्मातून काही आधार मिळत असेल तर तो तेवढाच असतो, आपल्याला काही न विचारणारी एक गार जागा. तीच जागा आम्ही तिच्याकडून काढून घेतली आणि तिथेच तिची परीक्षा नेऊन ठेवली.

बारावीचं वर्ष अर्ध्यावर आलं तेव्हा ती जेवताना बोलेनाशी झाली. केस विंचरायची नाही. पुस्तक समोर असायचं आणि पान तासभर उलटलं जायचं नाही. मी तेव्हा काय करत होते? मी पत्रक लिहीत होते. 'मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरवा' असं त्याचं नाव होतं. पालकांनो, तुमच्या अपेक्षा तुमच्याजवळ ठेवा, असं मी लिहिलं होतं. कौल आणि नवस यांनी मुलं शिकत नाहीत, पाकळी पाण्याच्या ओलीनं पडते, असंही लिहिलं होतं. बाबांनी ते एक शब्द न काढता छापून दिलं. मी ते शाळेच्या फाटकाशी वाटलं, देवळाच्या पायरीशी वाटलं. घरी जेवायला आले की तेजूला विचारायची, आज किती धडे झाले.

फेब्रुवारीच्या मध्यावर प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. त्या वर्षी आईनं तेजूला ओल्या काजूला हात लावायला बंदी केली होती. ओल्या काजूच्या सालीत चीक असतो, तो लागला की कातडी भाजते आणि सोलून निघते. आमच्याकडे बायका हाताला राख किंवा तेल लावून, विळीवर जपून काजू कापतात. त्या दुपारी मी दुकानातून लवकर आले. परसात तेजू दगडावर बसली होती. समोर ओल्या काजूंची टोपली. ती ते नुसत्या हातांनी फोडत होती. ना राख, ना तेल. उजव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा काळा पडला होता, काही ठिकाणी फोड आले होते. तिच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. ती शेंगा मोडताना दिसायची तशीच दिसत होती.

तिनं सांगितलं की तिला काजूची उसळ खावीशी वाटली म्हणून.

त्या दिवशी सकाळीच आईनं उसळ केली होती. अर्धं पातेलं अजून चुलीशेजारी झाकून ठेवलेलं होतं.

आईनं खोबरेल लावलं, रडली, मग अंगारा लावला. बाबा संध्याकाळी आले. त्यांनी तेजूचा हात आपल्या हातात घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "पेन धरूक येतला मां?"

मला वाटतं, आपण काय विचारलं ते त्यांना त्याच क्षणी ऐकू आलं. ते तिथेच जमिनीवर बसून राहिले, चहा तसाच निवला. रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं की पोरीला यातून सोडवायला हवं, नको ती परीक्षा, नको ते डॉक्टर होणं. मी ताटावरून मान वर केली. मग त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं. सोमवारी देवीला विचारू या.

मी या वेळी भांडले नाही. मला एवढंच कळत होतं की देवीनं नाही म्हटलं तर बाबा तिला सोडणार नाहीत, त्यांच्यात तेवढं बळच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी तातू गुरवांच्या घरी गेले.

ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी तेजूच्या बोटांचं सांगितलं. सोमवारी तिला सोडवण्यासाठी कौल लावणार आहोत, तेव्हा पाकळी उजवीच पडेल असं करता येईल का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"देवळाच्या पायरीर ती पत्रका वाटलंस ती तूच मां?"

मी हो म्हटलं.

"तेच्यात काय लिवलंस? पाकळी पाण्यान पडता, देवी पाडणा नाय. बरोबर?"

"होय, काका."

"मगे आज काय पाण्याक सांगूक इलंस?"

मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. खाली बघत मी म्हटलं की तिला वाचवायचं आहे. मग त्यांनी विचारलं की घरात तिला सांगणारं कुणी नाही का, बापाला तोंड नाही का, आईला नाही का, आणि तुला तर एवढं मोठं तोंड आहे. परसात कोंबड्या काहीतरी टिपत होत्या. ते सुपारीची खांडं डब्यात भरत राहिले. शेवटी म्हणाले की हात आता म्हातारा झालाय, कधी थरथरतो, कधी पाणी जास्त घेतो, त्यात कुणाचा काय दोष. आणि वर म्हणाले, सोमवारी येवा, न्हाऊन येवा.

सोमवारी आम्ही चौघं गेलो. तेजूच्या बोटांना पट्ट्या होत्या. गाऱ्हाणं झालं, पोरग्येक ह्या शिक्षणातून मोकळी करूची आसात तर उजवो दी, आणि मागे उभ्या असलेल्या माणसांनी व्हय म्हाराजा म्हटलं. मी तातू गुरवांच्या बोटांकडे बघत होते. उजवीकडची पाकळी त्यांनी तांब्यात दोनदा बुडवली. चिकटवली तेव्हा तिच्यातून पाणी ओघळत होतं. त्यांनी पुरता हात काढून घेतला नसेल, तोच ती घसरली आणि पडली.

बाबांनी डोळे पुसले. आईनं ओटी भरली. आणि मला, लाज वाटते सांगताना, जिंकल्यासारखं वाटलं. इतकी पत्रकं वाटून जे झालं नव्हतं ते एका जास्तीच्या थेंबानं झालं होतं.

तेजू सभामंडपातल्या खांबाला टेकून उभी होती. बाबा तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, सुटलंस बाय, देवीन मोकळी केल्यान तुका. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे.

"देवीन सोडल्यान," ती म्हणाली. "तुमचा काय म्हणणा आसा, ता कोणीच सांगूक नाय."

बाबा गोंधळले. त्यांना प्रश्न कळलाच नाही असं वाटलं. थोडं हसून ते म्हणाले, "देवीच्या पुढे आमचा कसला म्हणणा गो?"

"मगे मी परीक्षा देतंय," ती म्हणाली, आणि चपला घालून बाहेर पडली.

नंतर घरी तिनं मला एकदाच समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जणू मीच लहान होते. आता सोडली तर गाव म्हणणार की देवीनं हिला नाकारली. आधी देवीनं निवडलेली म्हणून सगळे बघत होते, आता देवीनं टाकलेली म्हणून बघतील. त्यापेक्षा परीक्षा बरी. मी तिला पाकळीचं खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर तिच्याजवळ देवीही उरली नसती. हा विचार माझा होता. एरवी देवीविरुद्ध पत्रकं लिहिणाऱ्या माझा.

मी पुष्कळ विचार केलाय की त्या खांबाजवळ कुणीतरी एक वाक्य बोललं असतं तर काय झालं असतं. आम्हाला तू हवी आहेस, बाकी काही नको. इतकंच. यासाठी शिक्षण लागत नाही, श्रद्धा लागत नाही, अश्रद्धाही लागत नाही. पण हे वाक्य आमच्या घरात कधी बोललं गेलेलं नाही. बाबांच्या बाबांनी ते बाबांना म्हटलं नसणार, आईला तर कुणीच नाही. आमच्याकडे प्रेम दुसऱ्या कशातून तरी पाठवतात. तुळशीच्या पानातून, कोऱ्या कागदांतून, अंगाऱ्यातून, पत्रकातून. ज्याला पाठवलेलं असतं त्याच्यापर्यंत पोचेतो त्या प्रेमाची मागणी झालेली असते. आईचं स्तोत्रसुद्धा तेजूला आतून कसं ऐकू येत होतं ते आता मला कळतं. दाराबाहेर कुणीतरी वाट बघत बसलंय, असं.

तिनं परीक्षा दिली, पट्ट्यांच्या बोटांनी. बारावी पास झाली. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत फार कमी गुण आले. निकालाच्या दिवशी घरात इतकं समजूतदारपणे सगळं चाललं होतं की श्वास घेववत नव्हता. आईनं तिच्या आवडीचं बांगड्याचं तिखलं केलं. काकी कुंपणापाशी आल्याच नाहीत. बाबा म्हणाले, जावंदे. तेजूनं जेवण पूर्ण केलं, ताट घासलं, आणि फोनवरून कोल्हापूरच्या एका क्लासचा अर्ज स्वतः भरला. पुन्हा वर्षभर तीच तयारी. तिला कुणीही सांगितलं नव्हतं. आता तिला ढकलायला कुणी लागत नव्हतं, आणि त्यामुळे तिला थांबवायचं कसं ते आम्हाला कळेना.

ती जायच्या आदल्या दिवशी बाबा दुकानात एका बिघडलेल्या हँडबिलाच्या मागे काहीतरी लिहीत होते. लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. त्यांनी ते मला दाखवलं. 'तेजू, तू गेली नाहीस तरी चालेल. आम्हाला काही नको.' मी म्हटलं, बाबा, हे तिला द्या. ते म्हणाले, देणार नाही, बोलणार. उद्या स्टँडवर बोलतो. संध्याकाळभर ते पुटपुटत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना काही पाठ करताना पाहिलं नव्हतं.

स्टँडवर गर्दी होती. कोल्हापूरची गाडी लागली. कंडक्टर पिशव्या वर ठेवायला सांगत होता. तेजू खिडकीशी बसली, बाबा खाली, खिडकीच्या गजांवर हात ठेवून. मी जरा लांब उभी राहिले, त्यांना एकांत मिळावा म्हणून. त्यांचे ओठ हलताना दिसले. त्यांनी एक हात शर्टाच्या खिशापर्यंत नेला, कागद होता तिथे, आणि तसाच खाली आणला.

"पाण्याची बाटली घेतलंस मां?" त्यांनी विचारलं.

"घेतलंय."

गाडी निघाली. बाबा गाडीबरोबर चारपाच पावलं चालले आणि मग उभे राहिले.

त्याला आता नऊ महिने होतील. ती दिवाळीला आली नाही, टेस्ट होती. शिमग्याला आली नाही. दर रविवारी फोन होतो. जेवलीस का, जेवले. अभ्यास कसा, बरा. तिचा आवाज फोनवर असा येतो की जणू ती शेजारच्या खोलीतल्या कुणाची तरी चौकशी पुढे पोचवते आहे. आई तिच्या नावानं सोमवार धरते. मी पत्रकं लिहिणं सोडलेलं नाही, पण हल्ली ती पालथी करून कोरी बाजू बघत बसते.

परवाच्या रविवारी आम्ही दुकान अर्धा दिवस उघडलं होतं. हॉल तिकिटांचा मोसम, मशीन गरम झालेली. एक बाई मुलाला घेऊन आली, मुलगा तोंडातल्या तोंडात सूत्रं म्हणत होता. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. ती माणसं गेल्यावर त्यांनी फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि तेजूनं हॅलो म्हणताच बोलायला सुरुवात केली. मधे थांबले नाहीत. तू ये परत, ते म्हणाले. नको ता डॉक्टर, नको ती परीक्षा. माका तू होयी. आवशीक तू होयी. हयसर काउंटरवर येऊन बस, काय करू नको, नुसती बस. ह्या मी सांगतंय, तुझो बापूस.

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. बाहेरून कुणीतरी काजूगराचा भाव विचारत होतं. मशीनचा पंखा फिरत होता. इतक्या वर्षांनी ते वाक्य आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून आलं होतं, पूर्ण, कुणाच्याही आडून न येता.

मग तेजूनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. मी तिला जन्मापासून ओळखते, टोमणा असता तर मला कळला असता, आणि मला बरं वाटलं असतं.

"देवीक विचारलास?"

बाबा म्हणाले, नाय.

"मगे विचारून सांगा," ती म्हणाली. तिच्या तासाची वेळ झाली होती, तिनं फोन ठेवला.

बाबा फोन हातात धरून उभे होते. त्यांनी तो काउंटरवर ठेवला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि मला विचारलं की तातू गुरव या वेळेला घरी असतील का.

मी म्हटलं, असतील.